जॅक चार्लटन: बचावपटू ते मॅनेजर, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉबी चार्लटनचा भाऊ, याखेरीज जॅकची ओळख काय?

इंग्लंडमध्ये विचारलं तर १९६६ च्या विश्वविजेत्या संघाचा उंचापुरा सेंटर हाफ, म्हणजे मधला बचावपटू. लीड्समध्ये विचारलं तर आपला माणूस, एकाच क्लबसाठी वीस वर्षं खेळलेला. आणि आयर्लंडमध्ये विचारलं तर उत्तर ऐकायला जरा वेळ काढून बसावं लागेल. बॉबी हा खेळाडू म्हणून कितीतरी मोठा, यात वाद नाही, आणि जॅकनेही तो कधी घातला नाही. पण मॅनेजर म्हणून पारडं पूर्ण उलटं झुकतं. दोघांनी खेळणं थांबवलं १९७३ मध्ये, एकाच मोसमाच्या शेवटी. लगेच दोघं इंग्लिश लीगच्या दुसऱ्या विभागात मॅनेजर झाले, बॉबी प्रेस्टनचा आणि जॅक मिडल्सब्रोचा. वर्षभरात जॅकचा संघ विभाग जिंकून वर गेला, बॉबीचा संघ खाली घसरला.

तो फुटबॉलमध्ये आला कसा?

जन्म ८ मे १९३५, अ‍ॅशिंग्टन, इंग्लंडच्या ईशान्येकडचं कोळशाच्या खाणींचं गाव. वडील खाणकामगार. फुटबॉल आला तो आईकडून. सिसी चार्लटन माहेरची मिलबर्न, तिचे चार भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू आणि न्यूकॅसलचा लाडका जॅकी मिलबर्न तिचा चुलतभाऊ. पोरांना चेंडू मारायला शिकवणारी ही बाई, आणि घरात सगळ्यांचं लक्ष बॉबीकडे, कारण बॉबीचं कौतुक शाळेपासूनच होतं.

जॅकला पंधराव्या वर्षी लीड्सने चाचणीसाठी बोलावलं तर तो आधी नाही म्हणाला आणि वडिलांबरोबर खाणीत उतरला. खाण काय असते ते दिसल्यावर नोकरी सोडली आणि पोलिसांत अर्ज केला. मुलाखत आणि लीड्सचा चाचणी सामना नेमके एकाच दिवशी आले. तो सामन्याला गेला.

बचावपटू म्हणून तो खरंच चांगला होता, की नुसता धसमुसळा?

धसमुसळा होताच. मान लांब, पाय लांब, म्हणून टोपणनाव 'जिराफ'. चेंडू पायात घेऊन चार जणांना चकवणं हा त्याचा प्रांत नव्हता. हवेतला चेंडू मात्र त्याचाच. आणि विसाव्या-पंचविसाव्या वर्षी तो बऱ्यापैकी बेशिस्त होता हेही खरं. मनात येईल तेव्हा चेंडू घेऊन पुढे जायचा आणि मागे भगदाड पडायचं. डॉन रेव्ही तेव्हा त्याच्याच संघात खेळत होता. त्याने एकदा तोंडावर सांगितलं की मी मॅनेजर असतो तर तुला संघात घेतलं नसतं. १९६१ मध्ये रेव्ही खरंच मॅनेजर झाला, आणि जॅकला चक्क सुधारावं लागलं.

पुढची दहा वर्षं लीड्सच्या बचावफळीचा कणा तोच. १९६४ मध्ये दुसरा विभाग, १९६८ मध्ये लीग कप आणि युरोपीय क्लबांचा फेअर्स कप, १९६९ मध्ये लीग विजेतेपद, १९७१ मध्ये पुन्हा फेअर्स कप, १९७२ मध्ये एफए कप. लीगमधले ६२९ सामने आणि ७० गोल. बचावपटूच्या नावावर ७० गोल कसे, याचं उत्तर कॉर्नरमध्ये आहे. लीड्सचा कॉर्नर असला की जॅक थेट प्रतिस्पर्धी गोलकीपरच्या नाकासमोर, गोलरेषेवर जाऊन उभा राहायचा. ढकलाढकली नाही, काही नाही, नुसता उभा. त्याची पाठ एवढी मोठी की गोलकीपरला ना चेंडू नीट दिसे, ना पुढे यायला वाट मिळे. आता हे प्रत्येक संघ करतो. त्या काळी गोलकीपर रेफरीकडे तक्रारी करायचे आणि नियमात बोट ठेवायला जागा सापडायची नाही.

१९६७ चा फुटबॉल पत्रकारांचा 'वर्षातला सर्वोत्तम खेळाडू' जॅक. आदल्या वर्षीचा होता बॉबी.

१९६६ च्या विश्वचषकात त्याचा वाटा किती?

सगळे सामने खेळला, पण त्याआधीची गोष्ट जास्त मजेची आहे. इंग्लंडसाठी पहिला सामना एप्रिल १९६५ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध, तिशी गाठायला महिना उरलेला असताना. मला का घेतलं, असं त्याने नंतर इंग्लंडचा मॅनेजर आल्फ रॅम्झीला विचारलं. रॅम्झीच्या उत्तराचा मथितार्थ असा होता की माझ्या डोक्यात संघाची एक रचना आहे, आणि तिच्यात बसणारे खेळाडू नेहमी सर्वोत्तम असतीलच असं नाही. हे जॅक आयुष्यभर हसत सांगत राहिला, आणि पुढे मॅनेजर म्हणून त्याने शब्दशः हेच केलं.

उपांत्य सामन्यात पोर्तुगालविरुद्ध गोल वाचवायला त्याने चेंडू हाताने अडवला. पेनल्टी मिळाली, युसेबिओने गोल केला, पण बॉबीचे दोन गोल आधीच झाले होते म्हणून निभावलं. अंतिम सामन्यात ८९ व्या मिनिटाला पश्चिम जर्मनीला बरोबरी साधून देणारी फ्री किकही जॅकच्याच फाऊलवर मिळालेली. मग जादा वेळ, ४-२, आणि पुढचं सगळ्यांना पाठ आहे. इंग्लंडसाठी एकूण ३५ सामने, ६ गोल.

त्याच्याकडे सूड घ्यायच्या खेळाडूंची 'काळी वही' होती म्हणतात?

१९७० मध्ये टीव्हीवर तो तसं बोलून गेला आणि गदारोळ झाला. प्रकरण फुटबॉल संघटनेच्या चौकशीपर्यंत गेलं, त्यातून तो सुटला. वही अशी काही नव्हतीच. तोंडावर ताबा मात्र पुढेही आला नाही.

मॅनेजर म्हणून पहिलंच वर्ष एवढं यशस्वी कसं झालं?

एक तर तयारी. खेळत असतानाच त्याने प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम पूर्ण केले होते. बाकीचे खेळाडू सुट्टीला जायचे तेव्हा हा शिकवायला शिकत होता. दुसरं म्हणजे मिडल्सब्रोचा संघ वाईट नव्हता, नुसता विस्कळीत होता. सेल्टिकहून अनुभवी बॉबी मर्डॉक आणला, आणि आधीच्या मॅनेजरने घेतलेल्या तरुण ग्रॅम सूनेसला मधल्या फळीच्या मध्यावर आणून बसवलं. सूनेसचं पुढे काय झालं ते लिव्हरपूलवाले सांगतील.

पण खरी चावी होती अ‍ॅलन फॉगन. त्या काळी समोरचे स्ट्रायकर ऑफसाइडमध्ये सापडावेत म्हणून बचावफळ्या एकदम पुढे धावायच्या. जॅक स्वतः वर्षानुवर्षं हेच करत आलेला, त्यामुळे यातली फट त्याला ठाऊक होती. पुढे निघालेल्या बचावपटूला सगळ्यात मोठी धास्ती कोणाची? आधीच पुढे उभ्या स्ट्रायकरची नव्हे, तो तर ऑफसाइडमध्ये सापडतो. धास्ती असते मागून, मधल्या फळीतून उलट दिशेने सुसाट येणाऱ्याची. तू वळेपर्यंत तो पार झालेला. फॉगन वेगवान होता आणि त्याला बाकी फार काही सांगितलेलं नव्हतं. बचाव पुढे सरकला की धाव, चेंडू तुझ्या पुढ्यात पडेल.

१९७३-७४ चा दुसरा विभाग मिडल्सब्रोने १५ गुणांच्या फरकाने जिंकला, तेही विजयाला फक्त दोन गुण मिळायचे तेव्हा. जॅक वर्षाचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. पुढल्या वर्षी पहिल्या विभागात संघ सातवा आला. १९७७ मध्ये त्याने स्वतःहून सोडलं. चार वर्षांनी खेळाडू आपलं ऐकेनासे होतात असं त्याचं मत होतं. घाई केली असं नंतर त्यालाही वाटलं, आणि ते बरोबरच होतं.

शेफील्ड वेन्सडे आणि न्यूकॅसलचं काय?

वेन्सडे ऑक्टोबर १९७७ मध्ये तिसऱ्या विभागाच्या तळाशी होता. १९८० मध्ये त्याने संघ वर आणला, १९८२ मध्ये पहिला विभाग एका गुणाने हुकला, १९८३ मध्ये एफए कपच्या उपांत्य फेरीत ब्रायटनकडून हार. चिकाटीचं काम, त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. न्यूकॅसल म्हणजे घरच्या मुलखातला क्लब, १९८४-८५ चा एकच मोसम. वॉडल आणि बीअर्डस्लीसारखे खेळाडू असताना लांब चेंडू मारायला लावतो म्हणून लोक वैतागले. पोरसवदा पॉल गॅस्कॉइनला पहिली संधी त्यानेच दिली, हे मात्र विसरतात. पुढल्या मोसमाआधीच्या सराव सामन्यात प्रेक्षकांनी त्याच्याविरुद्ध घोषणा दिल्या, आणि गडी तिथल्या तिथे राजीनामा देऊन मोकळा झाला.

इंग्लंडचं प्रशिक्षकपद त्याला कधी मिळालं का नाही?

१९७७ मध्ये रेव्ही इंग्लंडच्या मॅनेजरपदावरून पायउतार झाल्यावर जॅकने रीतसर अर्ज केला. फुटबॉल संघटनेने त्याला साधं पोचपत्रसुद्धा पाठवलं नाही. नकार एक वेळ चालला असता, पण उत्तरच नाही हे त्याच्या जिव्हारी लागलं. यापुढे कुठेही अर्ज करायचा नाही असं त्याने ठरवलं.

मग आयर्लंडला एक इंग्रज प्रशिक्षक चाललाच कसा?

सुरुवातीला सगळ्यांना चालला असं नाही. फेब्रुवारी १९८६ मध्ये आयरिश संघटनेत मतदान झालं तेव्हा आघाडीवर होता लिव्हरपूलचा माजी मॅनेजर बॉब पेझली. फेऱ्या होत गेल्या, मतं फिरली आणि जॅक निवडून आला. त्या मतफिरवणुकीच्या कथा डब्लिनमध्ये अजून रंगतात. पहिला सामना वेल्सविरुद्ध घरच्या मैदानावर, तोही ०-१ हरला. पण मे महिन्यात आइसलंडमध्ये तिरंगी स्पर्धा झाली आणि आयर्लंडने ती जिंकली. तोपर्यंत हा देश एकाही मोठ्या स्पर्धेसाठी पात्र ठरलेला नव्हता.

त्याची खेळण्याची पद्धत नेमकी काय होती? नुसते लांब चेंडू?

टीकाकारांनी एवढंच लिहिलं, म्हणून इथे जरा सविस्तर.

१९८६ च्या विश्वचषकात जॅकच्या लक्षात आलं की जवळजवळ सगळे संघ एकाच तऱ्हेने खेळतात. बचावातून सावकाश चेंडू बाहेर काढायचा, मधल्या फळीतल्या एखाद्या कलाकाराला द्यायचा, तो सूत्रं हलवणार. या खेळात आपण त्यांच्याशी बरोबरी करू शकत नाही, मग तो खेळ होऊच द्यायचा नाही. चेंडू त्यांच्या फुलबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या मागे, कोपऱ्याच्या दिशेने टाकायचा. आता फुलबॅकला स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावावं लागतं, आणि पाठीवर आयरिश स्ट्रायकर. बरं, एकटा नाही, त्याच्यामागून मधली फळीही वर चढलेली. फुलबॅक काय करणार? बाहेर मारला तर आयर्लंडचा थ्रो-इन त्यांच्या हद्दीत. वळायला गेला तर चेंडू गमावण्याची भीती. गोलकीपरला परत दिला तर खेळ थांबला, आणि आयर्लंडला तेही मान्य.

लांब चेंडू ही यातली अर्धीच बाजू. उरलेली अर्धी म्हणजे चेंडू जिथे पडेल तिथे झुंडीने दबाव टाकणं, त्यांच्याच हद्दीत. पुढे या दबावाला आधुनिक नावं मिळाली, त्याच्यावर व्याख्यानं झाली. आयर्लंडची टोपी घालून, हातात मासेमारीचा गळ घेऊन हिंडणाऱ्या माणसाला त्याचं श्रेय द्यायला विश्लेषक अजून कां कूं करतात.

मुळात ही सगळी एका सेंटर हाफची अक्कल आहे. आक्रमक खेळाडू मॅनेजर झाला की आपल्याला काय करायला आवडायचं ते संघाकडून करवून घेतो. जॅकने आपल्याला काय नकोसं व्हायचं याची उजळणी केली आणि ते समोरच्यावर लादलं. कॉर्नरवर गोलकीपरसमोर उभं राहणं, फॉगनची धाव, फुलबॅकमागचा चेंडू, सगळं एकाच डोक्यातून आलेलं आहे.

बघायला सुंदर होतं का? नाही. काही सामने तर अक्षरशः डोळ्यांना शिक्षा.

'आजीचा नियम' म्हणजे काय?

आई-वडील किंवा आजी-आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असले तर खेळाडू आयर्लंडकडून खेळू शकतो. नियम जॅकने काढला नाही, आधीही वापरात होता, त्याने तो पुरेपूर वापरला. लिव्हरपूलमध्ये वाढलेला जॉन ऑल्ड्रिज, ग्लासगोत जन्मलेला रे हाउटन, अँडी टाउनसेंड हे सगळे असेच आले. विनोद भरपूर झाले. पण आयर्लंडमधून पिढ्यान् पिढ्या माणसं पोटासाठी इंग्लंड-स्कॉटलंडला गेली होती. त्यांची नातवंडं परत आली, यात फसवणूक कसली?

युरो १९८८ इतकं का आठवतात?

युरोपीय देशांच्या या स्पर्धेची पात्रताच नशिबाने मिळाली. शेवटच्या सामन्यात बल्गेरियाला घरी स्कॉटलंडशी बरोबरी पुरे होती. सामना संपत आलेला असताना बदली उतरलेल्या गॅरी मॅकेने स्कॉटलंडसाठी गोल केला आणि आयर्लंड आत. मग १२ जून १९८८, स्टुटगार्ट, समोर इंग्लंड. सहाव्या मिनिटाला हाउटनचा हेडर, आणि उरलेली चौऱ्याऐंशी मिनिटं गोलकीपर पॅकी बॉनर गोलसमोर भिंत होऊन उभा. १-० जिंकले. ज्या संघटनेने पत्राला उत्तर दिलं नव्हतं, तिच्या संघाविरुद्ध. सोव्हिएत संघाशी १-१, नेदरलंड्सकडून अगदी शेवटी ०-१, आणि घरी.

१९९० च्या विश्वचषकात एकही सामना न जिंकता उपांत्यपूर्व फेरी, हे खरं आहे?

खरं आहे. इंग्लंड १-१, इजिप्त ०-०, नेदरलंड्स १-१. गटात नेदरलंड्सशी सगळंच समान, म्हणून चिठ्ठ्या टाकून आयर्लंड दुसरा ठरला. जेनोआत रुमेनियाशी १२० मिनिटं ०-०. शूटआउटमध्ये बॉनरने टिमोफ्टेची पेनल्टी अडवली आणि निर्णायक फटका मारायला गेला डेव्हिड ओ'लिअरी.

हा तोच ओ'लिअरी ज्याला जॅकने दोन वर्षांहून जास्त काळ संघाबाहेर ठेवलं होतं. १९८६ च्या आइसलंड दौऱ्यावर त्याला आधी घेतलं नव्हतं. मग ऐन वेळी बोलावलं तर कुटुंबाबरोबर सुट्टी ठरली आहे म्हणून तो गेला नाही. जॅकने हे मनात धरलं. खरं तर उशिरा बोलावणाऱ्याचीच चूक, पण ते त्याला कोण सांगणार. आणि चार वर्षांनी देशाचं नशीब त्याच माणसाच्या पायात. गोल झाला.

रोममध्ये इटलीने स्किलाचीच्या गोलवर १-० हरवलं. पाच सामन्यांत आयर्लंडचे गोल फक्त दोन. डब्लिनमध्ये संघाच्या स्वागताला लाखो लोक रस्त्यावर उतरले.

गोलकीपरला परत पास देण्याचा नियम आयर्लंडमुळे बदलला का?

एकट्या आयर्लंडमुळे नाही. त्या विश्वचषकात वेळकाढूपणा सगळीकडेच होता. पण इजिप्तविरुद्धचा तो सामना, ज्यात चेंडू सारखा गोलकीपरच्या हातात जायचा, उदाहरण म्हणून नेहमी पुढे येतो. १९९२ मध्ये नियम बदलला, सहकाऱ्याने मुद्दाम पायाने परत दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येईनासा झाला.

खेळाडूंशी तो कसा वागायचा?

माणसागणिक वेगळा. लियम ब्रेडी हा आयर्लंडचा सर्वांत कलावंत खेळाडू, त्याला सप्टेंबर १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध डब्लिनमध्ये मध्यांतराच्याही आधी बाहेर काढलं. ब्रेडीने त्यानंतर आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं. मध्यांतराला दहा मिनिटं उरलेली असताना, घरच्या प्रेक्षकांसमोर असं करायची गरज नव्हती. तो सामना मैत्रीपूर्ण होता.

उलट बचावपटू पॉल मॅग्रा. गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया, दारूशी झगडा, तो कधी सरावाला नसायचा, तर कधी सामन्यालाच नसायचा. हे मॅग्राने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. जॅकने त्याला एकदाही लोकांसमोर दुखावलं नाही, उलट सांभाळून घेतलं. एवढा कडक माणूस, खेळाडूंची नावंही धड लक्षात न ठेवणारा, इथे वडिलांसारखा वागला.

१९९४ मध्ये मैदानाबाहेर भांडण झालं होतं ना?

अमेरिकेतला विश्वचषक, ऑरलँडो, मेक्सिकोविरुद्ध, भर दुपारचं ऊन. आयर्लंड ०-२ मागे. ऑल्ड्रिजला आत पाठवायचं तर बाहेर काढलेला खेळाडू येऊन बसला तरी रेषेवरचा अधिकारी कागदपत्रांवरून अडवून धरतो. ऑल्ड्रिजने त्याला शिव्यांची लाखोली वाहिली, टीव्हीवर सगळं ऐकू गेलं, आणि जॅक पांढरी टोपी सावरत मध्ये घुसला. शिक्षा म्हणून दंड आणि पुढच्या सामन्यात बाकावर बसायला बंदी.

या तमाशात एक गोष्ट हरवते. शेवटी आत गेलेल्या ऑल्ड्रिजने गोल केला. सामना १-२ असा हरला तरी गटात चारही संघांचे चार-चार गुण आणि गोलफरकही समान झाला, इटलीशी केलेले गोलही सारखेच, पण इटलीला हरवलं होतं म्हणून आयर्लंड दुसरा आला. तो गोल नसता तर गोलफरक उणे एक आणि आयर्लंड तळाशी. पुढच्या फेरीत मात्र नेदरलंड्सने २-० हरवलं.

शेवट कसा झाला?

संघ म्हातारा झाला होता. १९९५ मध्ये लिख्टेनश्टाइनशी ०-० बरोबरी, ऑस्ट्रियाकडून दोनदा १-३ अशी हार. १३ डिसेंबर १९९५ ला अ‍ॅनफिल्डवर युरोच्या प्लेऑफमध्ये नेदरलंड्सने क्लायव्हर्टच्या दोन गोलांवर हरवलं. त्याच महिन्यात त्याने पद सोडलं आणि पुन्हा कुठेच मॅनेजर झाला नाही. जागेवर आला त्याचाच जुना कर्णधार मिक मकार्थी, तोही सेंटर हाफ. १९९६ मध्ये आयर्लंडने जॅकला मानद नागरिकत्व दिलं.

तो चेकने पैसे द्यायचा ती गोष्ट खरी का?

आयर्लंडमध्ये तरी सगळे खरी मानतात. पबमध्ये बिल चेकने द्यायचा, कारण त्याला ठाऊक होतं की जॅक चार्लटनची सही असलेला चेक बँकेत कोणी टाकणार नाही, चौकटीत घालून भिंतीवर लावणार.

भावाशी संबंध कसे होते?

घरगुती कारणांवरून बरीच वर्षं दुरावा होता. २००८ मध्ये बीबीसीच्या समारंभात बॉबीला जीवनगौरव पुरस्कार जॅकच्याच हस्ते दिला गेला. बॉबी हा मी पाहिलेला सर्वांत मोठा खेळाडू आणि माझा भाऊ, अशा अर्थाचं तो बोलला. जॅक १० जुलै २०२० ला गेला, शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंशात. बॉबी २०२३ मध्ये.

त्याच्या संघाचा एकच सामना बघायचा तर कोणता?

१८ जून १९९४, न्यू यॉर्कजवळचं जायंट्स स्टेडियम, इटलीविरुद्ध. ११ व्या मिनिटाला हाउटनचा गोल बघा आणि मग चेंडू सोडून मॅग्राकडे बघत राहा. समोर इटलीचा रोबेर्तो बॅजिओ, मॅग्राचे गुडघे जवळजवळ संपलेले, आणि तरी प्रत्येक वेळी हा आधीच तिथे पोचलेला. एकदा तर चेंडू तोंडावर घेऊन अडवतो, उठतो आणि पुढचा चेंडू डोक्याने बाहेर काढतो. दुसऱ्या अर्धातली शेवटची वीस मिनिटं गाळू नका.